समोरच्याची माघार

माझ्या साडूचा डावा डोळा सुजला आणि माझ्या घरातलं स्वास्थ्य गेलं. एकाचा डोळा सुजल्याने दुसऱ्याच्या पोटात दुखावं, असं वैद्यकशास्त्रात कुठे लिहिलेलं नसेल; पण वैद्यकशास्त्र लिहिणाऱ्यांना साडू नसावेत.

हा साडू म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचा नवरा. टाइल्सच्या मोठ्या दुकानात मॅनेजर. न्हाणीघराला कुठली फरशी शोभेल हे सांगण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, तोवर माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. मग एके दिवशी त्याने मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा क्लास लावला. ठोसे, लाथा आणि कुस्ती हे तिन्ही प्रकार ज्यांना वेगवेगळे करायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी हा खेळ काढलेला आहे. जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं सोडतात आणि बाहेरून दार लावून घेतात. हौशी लोकांच्या स्पर्धेत साडू उतरला, एका चष्मेवाल्या अकाउंटंटशी लढला आणि गुणांवर हरला. हरला, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण आमच्या सासरी ते कुणाच्याच लक्षात राहिलेलं नाही. लक्षात राहिला तो डोळा.

काय तो डोळ्याचा थाट. पहिल्या दिवशी जांभळा, मग निळा, मग कडेने हिरवट. सासरे उठून खुर्ची देत होते. ताई त्याच्याकडे बघून मध्येच गप्प होत होती. माझी बायको तर बर्फाची पिशवी घेऊन त्याच्या शेजारी बसली आणि "दुखतंय का हो, भाऊजी?" असं इतक्या हळुवार आवाजात विचारू लागली, की हा आवाज तिच्याकडे आहे हेच मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी माझी कंबर धरली तेव्हा हिने आतल्या खोलीतूनच, "मलम फडताळात आहे," एवढं सांगितलं होतं.

आता माझं काम सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की ते फोन करतात आणि मी म्हणतो, "घाबरू नका, माणूस निघालाय." कधी माणूस निघालेला असतो, कधी तो जेवत असतो; पण माझ्या आवाजावर लोक धीर धरतात. एका बाईंना मी त्या अवस्थेत आपल्या सुनेबद्दल बोलतं केलं आणि दार उघडल्यावर त्या म्हणाल्या, "थांबा जरा, माझं पूर्ण होऊ दे." हे शौर्य नाही का? पण त्याने डोळा सुजत नाही. डोळा सुजल्याशिवाय सासरी खुर्ची मिळत नाही.

म्हणून मीही क्लास लावला. घरी सांगितलं, कंबरेसाठी.

आमचा क्लास एका लॉन्ड्रीच्या वर होता. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे व्यायाम न करताही घाम यायचा आणि मला प्रगती होतेय असं वाटायचं. शिकवणाऱ्या सरांचे दोन्ही कान मार खाऊन खाऊन फुलकोबीसारखे झालेले. ते फार कमी बोलत. चार महिन्यांत त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: "हनुवटी खाली" आणि "श्वास घ्या". दोन्ही मला जमत होत्या, पण एका वेळी एकच.

तर एका सोमवारी सर जवळ आले आणि म्हणाले, "येत्या रविवारी लढत आहे. एका मुलाचा प्रतिस्पर्धी आजारी पडलाय. तुमचं नाव देऊ?"

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे," सर म्हणाले. मग थोडं थांबून, "तेविसाचा आहे. सात लढती, सातही जिंकल्यात. वजन ऐंशीच्या आसपास."

मी चव्वेचाळीस वर्षांचा, अडुसष्ट किलोचा, लढती शून्य. म्हणजे एका पारड्यात बैल आणि दुसऱ्यात बैलाचं चित्र.

"अनुभव चांगला मिळेल," सर म्हणाले.

आमच्या ऑफिसात एखाद्याची लांब बदली करायची असली की हेच वाक्य वापरतात. मी म्हणालो, "विचार करून परवा सांगतो."

खरं तर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. नाही म्हणायचं, एवढंच होतं. पण नुसतं नाही म्हणायचं नव्हतं. चार लोकांनी हातापाया पडून मला अडवावं, बायकोने डोळ्यांत पाणी आणावं, आणि मग मी जड मनाने, केवळ सगळ्यांच्या शब्दाखातर माघार घ्यावी, अशी माझी योजना होती. म्हणजे मार न खाता खुर्ची. त्यासाठी बातमी पसरवणं आवश्यक होतं. मी ती पसरवली.

पहिल्यांदा बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पूर्ण करून ती म्हणाली, "किती वाजता आहे?"

"काय?"

"लढत. रविवारी सकाळी की संध्याकाळी? गॅसवाला येणार आहे."

मी तिला ते ऐंशी किलो पुन्हा एकदा सांगितले. ती "हं" म्हणाली. त्या "हं"मध्ये काळजी नव्हती. काहीतरी होतं, पण काळजी नव्हती.

मग वरच्या मजल्यावरचे जज्जसाहेब. ते जज्ज कधीच नव्हते, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत. पण कुठल्याही बाबतीत निकाल देतात म्हणून सगळी इमारत त्यांना जज्जसाहेब म्हणते. त्यांनी मला जिन्यातच उभं करून आपादमस्तक न्याहाळलं, मोजणीवाल्याच्या नजरेने, आणि म्हणाले, "क्षेत्रफळ कमी आहे. पण त्याचा फायदा असा, की मार लागायला जागाही कमी. घ्या तुम्ही लढत."

समोरच्या डेंटिस्ट बाईंकडून मला मोठी आशा होती. दात हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांनी दारातच माझं तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "खालचे पुढचे दोन तसेही हलतायत. जातील तर जाऊ देत. फक्त जाण्याआधी एकदा दवाखान्यात येऊन जा, म्हणजे नंतर ताडून बघता येईल."

ऑफिसात मॅनेजरना सांगितलं, सोमवारी मला आजारपणाची रजा लागण्याचा संभव आहे. ते म्हणाले, "आजारपणाची रजा अचानक येणाऱ्या आजारासाठी असते. तुम्हाला तर आजच माहीत आहे की सोमवारी तुम्ही आजारी असणार. म्हणजे ही नियोजित रजा झाली. तिचा अर्ज पंधरा दिवस आधी लागतो."

"मला कालच कळलं."

"मग पुढच्या महिन्यात मार खा," ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं, नियमाप्रमाणे.

उरले डॉक्टर. स्पर्धेला प्रकृती ठीक असल्याचा दाखला लागत होता आणि माझी सगळी भिस्त माझ्या रक्तदाबावर होती. गेली तीन वर्षं त्याने मला मीठ खाऊ दिलं नव्हतं. आता एकदा तरी त्याने उपयोगी पडावं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम. चार महिन्यांत काय केलंत? तुमच्या वयाला असा रक्तदाब मी पाहिला नाही." लॉन्ड्रीच्या वाफेने घात केला होता. बाहेर त्यांच्या मदतनीस बाईंनी कपाट धुंडाळून सांगितलं की छापील दाखले नोकरीचे आहेत, वाहन परवान्याचे आहेत, तलावावर पोहण्याचे आहेत; मारामारीचे नाहीत. मी हळूच म्हणालो, "मग राहू दे." पण त्या कष्टाळू होत्या. त्यांनी पोहण्याच्या दाखल्यावर सही घेऊन दिली. सरांनी तो संयोजकांना फोनवरून पाठवला आणि संयोजकांनी तो चालवून घेतला. तेव्हा अधिकृतपणे, त्या मुलासमोर पोहायला मी पात्र होतो.

त्याच संध्याकाळी ताई आणि साडू आमच्याकडे आले. सासरेही होते. चहा झाला आणि साडूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात इतकं प्रेम होतं की मला तो झटकून टाकावासा वाटला.

"अरे, ऐक माझं," तो म्हणाला. "ही लढत घेऊ नकोस. तुला म्हणून सांगतो. तो मुलगा तयारीचा आहे. मला आधी विचारलं होतं संयोजकांनी. मी नाही म्हणालो."

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"नाही म्हणालात?" बायकोने विचारलं.

"हो. वयाचं भान ठेवायला हवं माणसाने. घरी बायको आहे. उगाच हौस म्हणून हातपाय मोडून घेण्यात काय पुरुषार्थ?"

सासऱ्यांनी मान डोलावली. "याला म्हणतात समंजसपणा," ते म्हणाले. "नाही म्हणायला मोठं काळीज लागतं." ताईने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्याने त्या मुलाला आत्ताच लोळवून आणलंय. आणि माझी बायको, जिने गॅसवाल्यासाठी लढतीची वेळ विचारली होती, ती हळूच म्हणाली, "भाऊजींचं बाई असंच. विचार करून करतात सगळं."

मी तिथेच बसलो होतो. माझ्या मनातलं 'नाही' या माणसाने माझ्याआधी वापरून टाकलं होतं. तो मार खातो तर शूर, मार टाळतो तर समंजस. आता मी नाही म्हणालो असतो तर ते उष्टं 'नाही' झालं असतं. शिवाय सासरे पुढे म्हणाले, "यांनीही नाहीच म्हणावं. यांच्या अंगात मुळात काय आहे?"

मी उठलो, गॅलरीत गेलो आणि सरांना फोन लावून सांगितलं, "घेतली."

"श्वास घ्या," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वजनाचं प्रकरण सुरू झालं. दोघांच्या वजनात फार तफावत असली तर लढत होत नाही, म्हणून संयोजकांनी मध्यममार्ग काढला होता: त्याने अठ्ठ्याहत्तरच्या खाली यायचं, मी बहात्तरच्या वर जायचं. म्हणजे तो बिचारा काकडी खाऊन राहणार आणि मी चार किलो वाढवणार. बायकोने हे अंगावर घेतलं. सकाळी उकडलेली अंडी आणि केळी, दुपारच्या डब्यात लोणी लावलेले बटाटे, रात्री भाताचा डोंगर. ऑफिसात मी फोनवर "घाबरू नका" म्हणताना ढेकर द्यायचो आणि अडकलेले लोक जास्तच घाबरायचे. पण बायको खुशीत होती. वाढताना गुणगुणत होती. मला लोणी वाढताना तिने कधी हात सैल सोडला नव्हता. आता ती वाढत होती आणि मी पोट फुटेतो खात होतो, आणि प्रत्येक घासाला एकच प्रश्न मनात येत होता: हिला माझी काळजी कशी वाटत नाही?

शुक्रवारी जेवताना मी विचारलंच. "मला काही झालं तर तुला वाईट वाटेल की नाही?"

तिचा भाताचा हात मध्येच थांबला. "वाटेल की."

"मग एकदाही नको म्हणाली नाहीस."

ती बराच वेळ भांड्यातला भात उगाच सारखा करत बसली. मग म्हणाली, "ताईकडे गेलं की ताईकडे सांगायला काहीतरी असतं. लहानपणापासून तसंच. तिचा नंबर वरचा, तिचं घर रस्त्यासमोरचं, तिचा नवरा पिंजऱ्यात जाऊन आलेला. ती सांगते आणि मी ऐकते. मग ती विचारते, तुझं काय? माझ्याकडे काय सांगायला? तुमची कंबर."

मी लोण्याचं भांडं बाजूला सरकवलं.

"तो डोळा बघितला ना, तेव्हा मला इतका राग आला," ती म्हणाली. "म्हटलं, हेसुद्धा हिच्याच घरी. बर्फ लावता लावता बघत होते, खरा सुजलाय की नुसता रंग आहे."

मी इतके दिवस ज्या हळुवार आवाजाचा हेवा केला होता, तो चौकशीचा आवाज होता. एकाच घरात, एकाच पलंगावर, आम्ही दोघं पाठीला पाठ लावून एकाच जोडप्यावर जळत होतो आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. संसारात माणसं केवढी एकरूप होतात याचा असा पुरावा मी कधी पाहिला नव्हता. मला बरं वाटलं, पण आता मागे फिरायची वाट उरली नव्हती. आता हा माझ्या एकट्याचा हेवा नव्हता, कौटुंबिक होता.

शनिवारी वजन करायला निघताना मात्र ती चपला घालता घालता थांबली. "राहू द्या हो," ती म्हणाली. "मला नको सांगायला काही. कंबर पुरे."

आणि आता, जे ऐकायला मी आठवडाभर गावभर फिरलो होतो, ते कानावर पडल्यावर मी काय म्हणालो? "आता शब्द दिलाय." माणसाला नेमकं कुठे मरायचं असतं हे त्याचं त्यालाही कळत नाही.

वजन एका शाळेच्या सभागृहात होतं. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, मध्ये वजनकाटा, टेबलामागे संयोजक आणि बाकावर बसलेली पोरं, सगळी मानेशिवायची. सर माझ्यासोबत होते. मी काट्यावर चढलो. बहात्तर आणि वर थोडं. त्यातला बराचसा भाग भात होता, पण काटा असले भेद करत नाही.

तेवढ्यात तो आला. उंच, रुंद, हसरा. दारातून येताना तो जरा तिरका झाला, सवयीने. माझ्या जवळ येऊन त्याने वाकून विचारलं, "काका, तुमचा मुलगा कुठल्या गटात आहे?"

"मला मुलगा नाही," मी म्हणालो. "मी तुझ्याशी लढणार आहे."

तो हसला. मग सरांकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. "काका, तुम्ही डाव्या पायावर भार देत नाही," तो म्हणाला. "कंबरेचा त्रास आहे?"

तो फिजिओथेरपी शिकत होता. त्याने तिथेच मला पाठीवर झोपायला सांगितलं, माझा गुडघा छातीकडे दाबला आणि विचारलं, "इथे ओढ बसते?" बसत होती. माझा प्रतिस्पर्धी माझी कंबर मोकळी करत होता आणि बाकावरची मानेशिवायची पोरं बघत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण जमिनीवर मी आधीच होतो.

मग तो उठला आणि टेबलाकडे जाऊन म्हणाला, "मी यांच्याशी लढणार नाही."

मी धडपडत उठलो. "का नाही लढणार?"

"काका, तुम्ही माझ्या बाबांसारखे दिसता. तुम्हाला लाथ मारली तर मला जेवण जाणार नाही."

आता बघा, मला आनंद व्हायला हवा होता. आतून झालाही, पायांत तर फारच झाला. पण वरून माझा स्वाभिमान असा काही उसळला की मी त्या सभागृहात, सर्वांसमोर, मला मारण्यासाठी त्याच्या विनवण्या करू लागलो. "मला वयाची सवलत नको," मी म्हणालो. "मी पोट फुटेपर्यंत खाल्लंय. मी दाखला आणलाय. तू मला मारलंच पाहिजेस." तो मान खाली घालून नाही म्हणत राहिला. त्याचे सर त्याला रागावत होते. माझी बायको भिंतीपाशी उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय.

संयोजकांनी नियम वाचून दाखवला. वजन झाल्यावर जो माघार घेतो तो हरला, दुसरा जिंकला. त्यांनी मला एका प्लास्टिकच्या पिशवीत पदक दिलं आणि भिंतीवरच्या पत्रकात माझ्या नावापुढे लिहिलं: विजयी, समोरच्याची माघार. त्या मुलाचा हा पहिला पराभव होता. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि कंबरेचे व्यायाम न चुकता करायला सांगितलं.

रस्त्यात बायकोने पदकाची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "ताईकडून जाऊ या."

ताईकडे तिने पिशवी टीपॉयवर ठेवली. सावकाश ठेवली. "जिंकले," ती म्हणाली.

"पण लढत उद्या आहे ना?" साडू म्हणाला.

"समोरच्याने माघार घेतली. ह्यांना बघितलं आणि म्हणाला, मी यांच्याशी लढणार नाही."

यातला एकेक शब्द खरा होता. कोर्टात शपथेवर सांगता आला असता. मी फक्त खाली बघत होतो, विजयी माणसं विनयाने बघतात तसं. मग हळूच वर पाहिलं आणि साडूचा चेहरा दिसला. मत्सर मी जन्मभर आतून पाहिला होता. बाहेरून पाहण्याचा योग पहिल्यांदाच आला. बाहेरून तो फार देखणा असतो. गालांवर एक ताण येतो, नाक जरा पातळ होतं आणि माणूस अभिनंदन असं करतो, जसं तोंडातून फरशीचा तुकडा काढतोय. "वा," तो म्हणाला. "वा. पळालाच म्हणायचा." सासऱ्यांनी फोनवरून माझी चौकशी केली. तो आठवडा मी ज्या झोपेने झोपलो, ती झोप मला पुन्हा लागलेली नाही.

पुढच्या आठवड्यात ताईचा रडत फोन आला. साडूने त्याच मुलाशी लढत घेतली होती. याला नुसतं बघून जो पळाला, त्याला मी का सोडू, असं तो म्हणत होता. आणि त्या मुलाच्या सरांनी मुलाला तंबी दिली होती, की पुन्हा माघार घेतलीस तर क्लासमधून नाव काढून टाकीन. आता तो लढणार होता. "तुम्ही समजवा त्यांना," ताई म्हणाली. "तुमचं ऐकतील. तुमच्या शब्दाला आता वजन आहे."

माझ्या शब्दाला ते वजन कुठून आलं, हे आम्हा नवराबायकोशिवाय घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. साडू मागच्या गोदामात होता. टाइल्सच्या खोक्यांना सतरंजी गुंडाळून त्याने तिच्यावर ठोसे मारायला घेतले होते. अंगात दुकानाचा गणवेश, हातात लाल मोजे. ताई कमोडच्या एका नमुन्यावर, अजून प्लास्टिकमध्ये असलेल्या, बसून डोळे पुसत होती.

"साडूबुवा, नका घेऊ," मी म्हणालो. आणि स्वतःचा तो प्रेमळ आवाज ऐकून मलाच माझा राग आला. त्याचा जबडा आवळला गेला. मला तो जबडा ओळखीचा होता. गॅलरीत फोन करताना माझाही तसाच असणार.

"तू जिंकलास म्हणून आता मला शिकवणार?" तो म्हणाला. "घाबरट पोरगं आहे ते. तुला बघून पळालं."

मी गप्प राहिलो. खोटं कशाला बोलू, त्या गप्प राहण्यात एक क्षण असा होता की मी त्याला डोळ्यासमोर आडवा पाहिला. तो पिंजऱ्यात पडलाय, आणि माझं पदक भिंतीवर आहे, आणि सासरे मला खुर्ची देतायत. एवढंच करायचं होतं: काही बोलायचं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. तिची नजर ताईवर होती. ताई रडताना लहान बहिणीसारखी दिसत होती.

"सांगा," बायको म्हणाली.

मी सांगितलं. तिरकं होऊन दारातून येणं, "तुमचा मुलगा कुठल्या गटात", छातीकडे दाबलेला गुडघा, बाबांसारखे दिसता, जेवण जाणार नाही, आणि मला मार म्हणून केलेल्या विनवण्या. तो मुलगा घाबरट नाही, तो ज्याला मारतो तो उठत नाही, आणि मला त्याने दयेने सोडलं, हेही सांगितलं. बोलताना मी कमोडांच्या रांगेकडे बघत होतो.

माझं सांगून संपलं. मग बायकोच्या घशातून एक आवाज आला. सभागृहात पदराआड जे दाबलं होतं, ते आठ दिवसांनी बाहेर पडलं. ती खोक्यांना धरून हसू लागली. "ताई," ती म्हणाली, "तुला सांगते, हे जमिनीवर झोपलेले, आणि तो म्हणतोय इथे ओढ बसते का, आणि हे म्हणतायत, थोडी वरच्या बाजूला..." हे मी सांगितलं नव्हतं. हे मी मुद्दाम वगळलं होतं. ताईचे डोळे ओले होते, तरी तिचं तोंड हलू लागलं, आणि मग दोघी बहिणी त्या कमोडच्या दोन बाजूंना बसून एकमेकींच्या अंगावर पडून हसू लागल्या. ताई विचारत होती, "मग? मग पुढे?" आणि माझी बायको सांगत होती. ती इतकं छान सांगते, हे मला माहीत नव्हतं.

साडू मात्र हसला नाही. तो मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून खोक्यावर बसला होता.

"तुला काका म्हणाला?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान."

"हो."

त्याने मोजा घातलेल्या हाताने कानापाशचे केस चाचपले. "मग मला काय म्हणेल?"

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही काही प्रश्नांची उत्तरं आम्ही देत नाही.

बाहेरून कुणी गिऱ्हाईक हाका मारत होतं, न घसरणाऱ्या पांढऱ्या टाइल्स आहेत का म्हणून. साडू उठला. मोज्याची पट्टी दातांनी ओढून बघितली, ती निघेना. मी पुढे होऊन उजव्या हाताची सोडवली. डाव्या हाताची सोडवायला गेलो तेव्हा त्याने हात मागे घेतला, आणि तेवढी मी त्याची त्याला सोडवू दिली.